जपानचा हिंवाळा आणि प्रवाशांचें गांठोडें

इ. स. १५४९ च्या नोव्हेंबर महिन्यांत जपानच्या दक्षिण टोंकाजवळील कागोशिमा बंदरांतून कांहीं पत्रें गोव्याकडे निघालीं. लिहिणारा फ्रान्सिस झेवियर. त्यास जपानांत येऊन पुरते तीन महिनेहि झाले नव्हते. पत्रांत धर्माचा, राजकारणाचा व व्यापाराचा मजकूर पुष्कळ आहे. परंतु जुन्या गोव्यांतील सेंट पॉल कॉलेजच्या प्रमुखास लिहिलेल्या पत्रांत एक अगदीं घरगुती सूचना आढळते. पुढें जे कोणी या देशीं येतील त्यांनीं पोर्तुगालच्या लोंकरी कापडाचे कपडे व पायांतील जोडे भरपूर घेऊन यावें, कारण येथील थंडी जीवघेणी आहे, अशा आशयाची ती सूचना होय. त्याच पत्रव्यवहारांत मिऱ्यांविषयींहि सल्ला आहे. जहाजांत मिरीं फार घालूं नयेत, फार तर ऐंशी बहार आणावीं. थोडीं आणलीं तर भाव चांगला येतो. बहार म्हणजे आपल्याकडील ‘भार’ हें वजन. संन्यस्त वृत्तीच्या मनुष्यास बाजारभाव इतका नेमका कळावा, याचें कौतुक वाटतें. परंतु आज येथें मिऱ्यांशीं कर्तव्य नाहीं, लोंकरीशीं आहे.

कागोशिमा हें शहर साधारण अमृतसरच्या अक्षांशावर आहे, आणि जपानच्या मानानें तें उबदारच समजलें जातें. झेवियर जन्मानें स्पेनमधील नाव्हार या डोंगराळ प्रांताचा. म्हणजे थंडी त्यास परकी नव्हती. पण १५४२ सालीं तो गोव्यास उतरला, आणि त्यानंतरचीं सात वर्षें गोवा, मलबार, मलाक्का अशा प्रदेशांत गेलीं. सात वर्षांचा घाम अंगांतील लहानपणची थंडी विसरावयास लावतो. त्याच्या मंडळींत अमादोर नांवाचा एक हिंदी नोकरहि होता. त्या बिचाऱ्यास तो पहिला हिंवाळा कसा गेला, हें कोणी लिहून ठेवलेलें नाहीं. नोकरांच्या थंडीची नोंद इतिहासांत क्वचितच होते.

मोसमी वारे म्हटले म्हणजे आपणांस पावसाळा आठवतो. जपानचा हिंवाळा हेंहि मोसमी वाऱ्यांचेंच काम आहे. थंडीच्या दिवसांत सैबेरियाची अफाट जमीन समुद्रापेक्षां फार लवकर निवते. तिच्यावरील हवा जड होऊन बसते आणि तेथून वायव्येचा वारा जपानकडे वाहूं लागतो. वाटेंत जपानचा समुद्र लागतो. त्यांतून एक उबदार प्रवाह जातो, त्यामुळें मूळचा कोरडा वारा तेथें बाष्पानें भरून जातो. पुढें बेटाच्या कण्यासारखी जी पर्वतांची रांग उभी आहे तिच्यावर आदळून तो आपलें ओझें हिमाच्या रूपानें पश्चिम किनाऱ्यावर टाकतो, आणि डोंगर ओलांडून रिकाम्या हातानें पूर्वेस उतरतो. म्हणून एकाच दिवशीं एका अंगास पुरुषभर बर्फ आणि दुसऱ्या अंगास टोकियोंत निळेंभोर आकाश, असा देखावा दिसतो. घाटाखालीं कोंकणांत मुसळधार पाऊस आणि घाटावर चार कोसांनीं कोरडी जमीन, हें ज्यानें पाहिलें आहे त्यास हा न्याय वेगळा समजावून सांगावयास नको.

क्योटोची गोष्ट निराळी. हें शहर श्रीनगराहूनहि किंचित् उत्तरेस असून तीन बाजूंनीं डोंगरांनीं वेढलेलें आहे. रात्रीं डोंगरांवरील थंड हवा खालीं उतरते आणि परातींत पाणी सांठावें तशी त्या खोलगट जागेंत सांठून राहते. जपानी लोक तिला ‘सोकोबिए’, म्हणजे तळापासून येणारी थंडी, असें म्हणतात. आजच्या मोजणीप्रमाणें तेथें जानेवारीचें सरासरी उष्णमान सेंटिग्रेडच्या पांच अंशांच्या आंतबाहेर असतें, आणि पहाटे तें एक-दीड अंशावर येतें. आंकडा कांहीं भयंकर नाहीं. परंतु थंडी आंकड्यानें बाधत नाहीं, घरानें बाधते. जपानी घर म्हणजे लांकडी खांब, सरकत्या कागदी भिंती आणि गवती चटया. चौदाव्या शतकांत केन्को नांवाच्या भिक्षूनें ‘त्सुरेझुरेगुसा’ या आपल्या स्फुट विचारांच्या ग्रंथांत, घर बांधतांना उन्हाळा डोळ्यांपुढें ठेवावा, हिंवाळ्यांत माणूस कोठेंहि निभावून नेतो, असें मत दिलें आहे. त्या देशच्या सुतारांनीं तें शिरसावंद्य मानलेलें दिसतें. खोली तापवावयाची नाहीं, माणूस तापवावयाचा, ही त्यांची रीत. हात शेकावयास निखाऱ्यांचें भांडें, त्यास ‘हिबाचि’ म्हणत. पायांसाठीं ‘कोतात्सु’, म्हणजे निखाऱ्यांवर लांकडी चौकट, चौकटीवर रजई, आणि त्या रजईखालीं घरांतल्या लहानथोरांनीं पाय घालून बसावयाचें. दहाव्या महिन्यांतील वराहाच्या दिवशीं हा कोतात्सु उघडीत. वराह अग्नीपासून राखतो अशी समजूत होती.

अशा देशांत, अशा घरांच्या भरंवशावर, भर हिंवाळ्यांत राजधानीस पायीं जाण्याचें झेवियरनें १५५० सालीं ठरविलें. गोव्यांतील त्याच्या कार्याविषयीं, विशेषतः त्यानें केलेल्या इन्क्विझिशनच्या मागणीविषयीं, आपल्याकडे जें कठोर बोललें जातें त्यास आधार आहे. येथें मात्र तो थंडींत वाट तुडविणारा एक प्रवासी, एवढ्यापुरताच पाहावयाचा आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस तो हिरादो बंदरांतून निघाला. बरोबर हुआन फर्नांडिस हा सोबती आणि बर्नार्डो हें नवें नांव घेतलेला एक जपानी तरुण. मियाकोस, म्हणजे राजधानीस, जावें, सम्राटाची भेट घ्यावी आणि साऱ्या देशांत उपदेश करण्याची परवानगी मिळवावी, असा बेत होता. क्योटोस त्या काळीं मियाको असेंच म्हणत.

त्यांच्या गांठोड्याचा हिशेब फर्नांडिसनें सांगितला आणि पुढें लुईस फ्रोइस या इतिहासकारानें तो लिहून ठेवला. दोन पिशव्या, त्यांत पूजेच्या वेळचा एक झगा, तीन-चार सदरे आणि एक जुनी कांबळ. रात्रीं दोघांनीं मिळून ती एकच कांबळ पांघरावयाची. बर्नार्डोजवळ भाजलेल्या तांदळांची एक थैली. बस्स. ज्या मनुष्यानें वर्षापूर्वीं लोंकरीचे कपडे व जोडे आणा म्हणून गोव्यास बजावलें होतें, त्याच्याच पिशवींत लोंकरीचा पत्ता नाहीं! वाटेवरील खाणावळींत फार तर एक गवती चटई व उशीला लांकडाचा ठोकळा मिळे. यामागुची या शहरांत कांहीं आठवडे काढून डिसेंबरच्या मध्यास ते पुढें निघाले. डोंगरांत हिम पडलें होतें. ओढ्यांचें पाणी हाडें गोठविणारें, आणि ते ओढे पायींच ओलांडावयाचे. पाय सुजून फुटले व हिमावर रक्ताचे ठसे उमटले, असें त्या वृत्तांतांत आहे. कांहीं मजल समुद्रानें झाली. साकाई बंदरापासून मियाकोपर्यंतच्या वाटेवर चोरांचें भय होतें. म्हणून एका बड्या असामीच्या लवाजम्यांत नोकर म्हणून शिरून हे तिघे घोड्यांच्या बरोबरीनें धांवत गेले. झेवियरच्या डोक्यावर त्या वेळीं सयामी टोपी होती म्हणतात. चव्वेचाळीस वर्षांचा, विद्यापीठांत शिकलेला, पोपच्या वकिलातीचा अधिकार जवळ बाळगणारा हा मनुष्य परक्याच्या नोकरांत मिसळून धांवतो आहे, हें चित्र मजेचें खरें. परंतु फर्नांडिस सांगतो कीं, त्या धांवण्यांत झेवियर इतका आनंदी दिसे कीं तसा तो एरव्हीं दिसत नसे.

१५५१ च्या जानेवारींत मियाको आली. पण ती राजधानी कसली! १४६७ पासून १४७७ पर्यंत चाललेल्या ओनिन युद्धानें शहराची राखरांगोळी करून टाकली होती. पूर्वीं येथें एक लाख ऐंशी हजार घरें होतीं असें झेवियरला लोकांनीं सांगितलें, आणि पडझडीचा विस्तार पाहून त्यास तें खरें वाटलें. शोगुन म्हणजे सेनापति. पण तो कोवळ्या वयाचा आशिकागा योशितेरु शत्रूच्या भयानें राजधानीबाहेर राहात होता. सम्राट गो-नारा वाड्यांत होता, परंतु दारिद्र्यांत. १५२६ सालीं त्याच्याकडे गादी आली आणि पैशाअभावीं राज्यारोहणाचा समारंभ व्हावयास दहा वर्षें लागलीं. तरीहि दरबाराचा रिवाज सुटला नव्हता. भेट काय आणली आहे, असें दारावर विचारण्यांत आलें. गोव्याच्या गव्हर्नराचें व बिशपाचें पत्र आणि मौल्यवान् भेटीच्या वस्तू झेवियरजवळ होत्या; पण त्या सर्व हिरादोस, शेंकडों मैल मागें, पेटींत बंद! वाटेंत लुटल्या जातील किंवा गरिबीच्या वेषास शोभणार नाहींत, असें त्यास वाटलें असावें. मियाकोच्या दारांतून त्यास आंत घेतलें नाहीं. हिएई पर्वतावरील मठांतहि भेटीशिवाय प्रवेश मिळाला नाहीं. अकरा दिवस वाट पाहून तो परत फिरला.

या अपयशाचें कारण चरित्रकार निरनिराळें देतात. कोणी राजधानीची दुर्दशा पुढें करतात, कोणी हिंवाळा. दोन्ही खरीं आहेत. तथापि मुख्य दोष गांठोड्याचाच म्हटला पाहिजे. राजा, देव आणि गुरु यांजकडे रिकाम्या हातानें जाऊं नये, ही रीत आपल्याकडे पोरासहि ठाऊक असते. थंडीपासून राखणारें कांहीं घेतलें नाहीं याची शिक्षा पायांनीं भोगली. दरबारांत मान मिळवून देणारें कांहीं घेतलें नाहीं याची शिक्षा साऱ्या प्रवासानें भोगली. आणि झेवियरला तें उमगलें, हें त्याचें वैशिष्ट्य. मार्चमध्यें हिरादोस परतल्यावर त्यानें ती पेटी उघडली, रेशमी वस्त्रें अंगावर घातलीं, आणि वसंतांत यामागुचीस तो पोर्तुगालच्या भारतांतील सत्तेचा वकील म्हणून गेला. घड्याळ, चष्मे, एक तंतुवाद्य, बंदूक अशा तेरा वस्तूंचा नजराणा ओउची योशिताका या सरदारापुढें मांडण्यांत आला. म्हाताऱ्यांस तरुणांप्रमाणें दिसावयास लावणाऱ्या त्या काचांचें त्या दरबारांत मोठें नवल झालें. सरदारानें उलट सोनें-रुपें देऊं केलें. झेवियरनें तें नाकारून परवानगी मागितली. ती तर मिळालीच, शिवाय राहावयास एक ओस मठहि मिळाला.

१५५२ सालीं गोव्यास परतल्यावर त्यानें युरोपांत आणखी एक मागणी पाठविली. जपानकरितां फ्लँडर्स किंवा जर्मनी येथील माणसें पाठवावींत, कारण त्यांस थंडी सोसण्याची संवय असते. म्हणजे नुसती लोंकर पुरत नाहीं, अंगांतलें रक्तच थंड देशाचें पाहिजे, या निर्णयास तो येऊन पोंचला होता. तांदळाची थैली वाहणारा बर्नार्डो त्याच्याबरोबर गोव्यास आला. पुढें तो लिस्बनला व तेथून रोमला गेला. युरोपच्या भूमीवर पाय ठेवणारा पहिला ज्ञात जपानी तो हाच. १५५७ सालीं पोर्तुगालमधील कोइंब्रा येथें त्याचा अंत झाला.

परक्यांची ही तऱ्हा. मग खुद्द जपानी माणूस हिंवाळ्यांत काय घालीत असे? मेंढ्या त्या देशांत जवळजवळ नव्हत्या, म्हणून लोंकर नव्हती. पोर्तुगीजांनीं आणलेल्या जाड लोंकरी कापडास ते ‘राशा’ म्हणत, आणि मोठमोठे सेनापति तें चिलखतावरील अंगरख्यास वापरीत. श्रीमंतांच्या कपड्यांत रेशमाचा पिंजलेला गाभा असे. गरिबांस तागाच्या जातीचें जाडें कापड, एकावर एक चढविलेलें. आणि या दोहोंमध्यें एक अजब वस्त्र होतें, कागदाचें! चिवट हातकागदास कच्च्या तेंदूसारख्या फळाचा तुरट रस चोळावयाचा, वाळवून, चुरगाळून तो मऊ करावयाचा आणि त्याचा अंगरखा शिवावयाचा. यास ‘कामिको’ म्हणत. वारा त्यांतून आंत शिरत नाहीं आणि घडी केली तर तो मुठीएवढा होतो. प्रवाशास याहून अधिक काय पाहिजे? बाशो हा थोर कवि १६८९ सालीं उत्तरेच्या लांबच्या यात्रेस निघाला तेव्हां रात्रीच्या गारव्यासाठीं त्याच्या ओझ्यांत कामिको होता. निघतांना मित्रांनीं दिलेल्या वस्तू टाकवत नाहींत आणि वाहवतहि नाहींत, अशी तक्रार त्यानें आपल्या वृत्तांतांत केली आहे. हा अनुभव ज्यास आला नाहीं असा प्रवासी विरळा.

सामान्य माणसाचा हिंवाळा पालटला तो कापसानें. आणि या कापसाच्या गोष्टींत हिंदुस्थानचें नांव आहे. इ. स. ७९९ मध्यें मिकावा प्रांताच्या किनाऱ्यास एक लहानशी होडी लागली. तींत विसेक वर्षांचा एक परदेशी एकटाच होता. अंगाभोंवतीं एक वस्त्र, कमरेस लंगोटी, डाव्या खांद्यावर भिक्षूच्या उपरण्यासारखी एक पट्टी, एवढाच त्याचा पोशाख. भाषा कोणास कळेना. तेथील चिनी लोकांस तो दक्षिण समुद्राकडील वाटला. पुढें चिनी बोलतां येऊं लागल्यावर त्यानें आपण तेन्जिकु म्हणजे हिंदुस्थानचे, असें सांगितलें. तो एकतारीसारखें वाद्य वाजवी व करुण गाणें म्हणे. त्याच्या चीजवस्तूंत गवताच्या बियांसारखें कांहीं सांपडलें, तें कापसाचें बीं. ‘निहोन कोकि’ या राजदरबारच्या इतिहासांत ही हकीकत आहे. पुढच्याच वर्षीं तें बीं किइ, आवाजि, सानुकि, तोसा वगैरे प्रांतांत लावण्यांत आलें. पण पीक टिकलें नाहीं, आणि कापूस त्या देशांतून नाहींसा झाला. त्या तरुणानें आपलें किडुकमिडुक विकून रस्त्याच्या कडेला एक घर बांधलें व तेथें गोरगरिबांस विसांवा दिला, असेंहि त्यांत नमूद आहे. थंडीच्या देशीं येतांना ज्यानें अंगापुरतें कापडहि धड आणलें नाहीं, त्यानें कापसाचें बीं आणलें आणि दुसऱ्यांसाठीं धर्मशाळा उभारली! मिकावांत, आजच्या निशिओ शहरांत, त्याच्या नांवाचें देवालय आहे.

कापूस जपानांत कायमचा रुजला तो कोरिया व चीन यांच्याकडून येऊन, पंधराव्या-सोळाव्या शतकांत. आणि गंमत अशी कीं, आरंभींच्या लागवडींत पुन्हां मिकावाच पुढें. म्हणजे झेवियर हिम तुडवीत होता त्या वेळीं कापूस भरलेला अंगरखा घरोघर पोंचावयाचा होता. सतराव्या शतकांत तो पोंचला. ‘वाता-इरे’, म्हणजे आंत कापूस घातलेला झगा, हाच पुढें जपानी हिंवाळ्याचा मुख्य पोशाख ठरला. सामुराइ लोकांचें वेळापत्रक ठरलेलें असे. नवव्या महिन्याच्या नवमीस कापसाचे कपडे चढवावयाचे, मग त्या दिवशीं ऊन पडो कीं वारा सुटो.

परदेशी जहाजांनीं कपड्यांबरोबर कपड्यांचीं नांवेंहि आणलीं. झग्याखालीं घालावयाच्या वस्त्रास जपानींत ‘जुबान’ म्हणतात; तें पोर्तुगीज ‘जिबांव’वरून आलें आणि तो शब्द मूळ अरबी ‘जुब्बा’चा वंशज आहे. महाराष्ट्रांतील जुब्बा आणि क्योटोंतील जुबान हे असे दूरचे भाऊबंद ठरतात. पावसांतील ‘काप्पा’हि पोर्तुगीजच. मद्रासजवळच्या सान तोमे येथून जाणाऱ्या पट्ट्यापट्ट्यांच्या सुती कापडाचें नांव ‘सान्तोमे-जिमा’. आणि ‘चाउ-जिमा’ नांवाचें जें पातळ रेशमी कापड सामुराइच्या घोळदार विजारीस वापरीत, तें नांव आपल्या रेवदंड्याशेजारच्या चौल बंदरावरून पडलेलें आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस क्योटोचे विणकर स्वतःच तें विणूं लागले, पण नांव चौलचेंच राहिलें. थंडीच्या कामाचें तें कापड नव्हे; तरी कुलाब्याच्या किनाऱ्याची आठवण इतक्या लांब टिकली, हें सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं.

पोर्तुगीजांस घालवून दिल्यावर युरोपियांपैकीं डच तेवढे नागासाकीस उरले. दरसाल त्यांस शोगुनच्या भेटीसाठीं एडोस, म्हणजे आजच्या टोकियोस, जावें लागे. त्यांचा वैद्य एंगेलबर्ट केंफर १६९१ च्या फेब्रुवारींत नागासाकीहून निघाला आणि सुमारें एका महिन्यानें एडोस पोंचला. जपानी रस्त्यावरच्या सामानाचें इतकें बारकाईचें वर्णन दुसऱ्या परक्यानें क्वचितच केलें असेल. घोड्याच्या दोन्ही बाजूंस दोन पेट्या बांधावयाच्या, मागें एक लहान पेटी, वर बिछाना पसरावयाचा, आणि त्यावर मांडी घालून स्वाराची स्थापना करावयाची. पाऊस वा हिम आलें कीं तेलकट कागदाचा एक ऐसपैस झगा. तो स्वार, सामान आणि घोडा यांस एकदम झांकी. घोड्यास लोखंडी नाल नाहींत, गवताचे जोडे. ते थोड्या कोसांत झिजत. म्हणून खेड्याखेड्यांत नवे विकावयास असत, आणि जुने टाकलेले पोरें गोळा करून खतांत घालीत. हातांतल्या पंख्यावर वाटेवरील गांवें, अंतरें व खाण्यापिण्याचे दर छापलेले असत. थंडींत पंखा कशासाठीं, हा प्रश्न येथें मिटतो.

निरोपाच्या वेळीं शोगुनकडून डचांस कापूस वा रेशीम भरलेले झगे भेट मिळत, एका वेळीं तीस-तीस. हे झगे हॉलंडांत गेले आणि तेथील विद्वान व व्यापारी यांस ते इतके आवडले कीं, घरांत बसतांना तेच अंगावर घालूं लागले. त्या काळच्या कित्येक चित्रांतून ते दिसतात. जपानांतून येणाऱ्या झग्यांनीं मागणी भागेना. तेव्हां डच कंपनीनें त्याच घाटाचे झगे हिंदुस्थानांत, कोरोमांडल किनाऱ्यावरील छिटाचे, करून घेतले. क्योटोच्या थंडीसाठीं निघालेली वस्तू, मच्छलीपट्टणच्या उन्हांत शिवलेली, आणि ॲम्स्टरडॅमच्या शेकोटीशीं वापरलेली.

एडोचा हिंवाळा क्योटोहून वेगळा, तो कोरडा. डोंगर उतरून आलेला रिकामा वारा तेथें आठवडेच्या आठवडे धूळ उडवीत राहतो. आकाश स्वच्छ, फुजी पर्वत स्पष्ट, आणि लांकूड-कागदाचें शहर चुलीच्या काडीसारखें सुकलेलें. १६५७ च्या मार्चमध्यें, त्यांच्या पंचांगाच्या पहिल्या महिन्यांत, एका मंदिरांतून आग निघाली. कित्येक आठवडे पाऊस नव्हता आणि वारा वादळी होता. आगीनें अर्ध्याहून अधिक शहर खाल्लें. मेलेल्यांची संख्या परंपरेनें एक लाखाच्या घरांत सांगतात. शोगुनच्या किल्ल्याचा उंच मनोरा जळाला, तो पुन्हां कधींच बांधला गेला नाहीं. या आगींत सामानाचें एक भयंकर प्रकरण झालें. सधन घरांतून चाकें लावलेल्या मोठ्या पेट्या असत. त्यांत हिंवाळी कपडे, रजया व किंमती वस्तू भरून ठेवीत, हेतु असा कीं आग लागली तर पेटी ओढीत पळतां यावें. सर्वांनींच त्या एकदम रस्त्यांत आणल्या. अरुंद गल्ल्या व पुलांची तोंडें पेट्यांनीं तुंबलीं, आणि मागून येणारी माणसें आगीच्या तोंडीं सांपडलीं. असाकुसाच्या दरवाजाशीं, दार बंद असल्यामुळें, हजारोंनीं प्राण सोडले. पुढें अशा चाकांच्या पेट्यांवर सरकारनें बंदी घातली. आजच्या विमानतळांवर चाकांच्या पेट्या घरघरत जातात तेव्हां ही हकीकत कोणास आठवत नसेल.

शांततेचा काळ लांबला तसे यात्रेकरू वाढले आणि त्यांच्यासाठीं पुस्तकें निघालीं. क्योटो व एडो यांना जोडणाऱ्या तोकाइदो रस्त्यावर त्रेपन्न टप्पे. अंतर सुमारें तीनशें मैल. चालणाऱ्यास दोन आठवडे लागत. १८१० सालीं यासुमि रोआन यानें ‘र्योको योजिन्शू’, म्हणजे प्रवासांतील सावधगिरीचा संग्रह, प्रसिद्ध केला. त्यांत एकसष्ट सूचना आहेत. बरोबर घ्यावयाच्या वस्तूंची त्याची यादी वाचली कीं ग्रंथकर्ता पुष्कळ हिंडलेला असावा, हें ध्यानांत येतें. शाईदाणी व लेखणी, पंखा, सुईदोरा, छोटा आरसा, रोजनिशी, फणी व केसांचें तेल, कंदील, मेणबत्त्या, चकमक, गंधकाच्या काड्या, तागाची दोरी, आणि ओळखीसाठीं शिक्का. दोरीनें ओले कपडे वाळतात आणि खाणावळींत सामान एकत्र बांधतां येतें. बर्फाच्या प्रांतीं जाणाऱ्यांस त्यानें निराळा उपदेश केला आहे आणि तिकडील घसरगाड्या व हिमावरचीं पादत्राणें यांचीं चित्रेंहि दिलीं आहेत. तथापि सर्वांत शहाणपणाचें त्याचें सांगणें असें कीं, वस्तू होतां होईल तों थोड्या घ्याव्यात. फार घेतल्या कीं कोठेंतरी विसरतात आणि उगाच घोर लागतो. झेवियर फार थोडें घेऊन फसला, एडोचे सावकार फार घेऊन फसले; या दोहोंमधली वाट या गृहस्थानें शोधली.

रेल्वे आली, शोगुन गेले. १८७९ सालीं टोकियोंतील सेन्जु येथें सरकारी लोंकरीची गिरणी निघाली आणि झेवियरनें गोव्याहून मागविलेलें कापड जपानांतच विणलें जाऊं लागलें. हवामानाची रीतसर नोंदहि याच सुमाराची. टोकियोंत १३ जानेवारी १८७६ या दिवशीं पारा शून्याखालीं ९.२ अंशांवर उतरला, आणि क्योटोंत १६ जानेवारी १८९१ रोजीं ११.९ अंशांवर. तेवढी थंडी तेथें त्यानंतर पुन्हां नोंदली गेलेली नाहीं. सुवा नांवाच्या डोंगरी सरोवराच्या गोठण्याची नोंद तर तेथील पुजाऱ्यांनीं १४४३ पासून ठेवली आहे. अलीकडच्या दशकांत तें सरोवर पुरतें गोठणें विरळ झालें आहे.

पुण्या-मुंबईचीं कुटुंबें आतां जानेवारींत क्योटो-टोकियो पाहावयास जातात. त्यांस जाड एकाच कोटापेक्षां पातळ कपड्यांचे तीन थर अधिक उपयोगी पडतात, कारण बाहेर दोन अंश आणि आगगाडीच्या डब्यांत बसण्याच्या बाकाखालून ऊब, असा दिवसभर खेळ चालतो. टोकियोच्या कोरड्या हवेंत ओंठ फुटतात, म्हणून तुपाची डबी पेटींत असावी. खिशांत ठेवावयाची ऊब मात्र येथून नेण्याचें कारण नाहीं. पूर्वीं तेथें तापवलेला दगड कापडांत गुंडाळून पोटाशीं धरीत, आणि १९७८ पासून लोखंडाच्या भुकटीच्या पुड्या विकत मिळतात, त्या हवा लागतांच तापतात व कित्येक तास निवत नाहींत. जोडे चटकन् निघतील असे घ्यावेत. मठ असो, खाणावळ असो वा जुनें घर असो, दाराशीं ते काढावेच लागतात. पुढें लांकडी जमीन बर्फासारखी गार असते, आणि मोजे फाटके असले तर यजमानापासून तें लपत नाहीं.